नांवाआडचें दार

कन्हानच्या कांठीं राहणाऱ्या आम्हांस ‘नदी’ म्हटलें कीं पाणी आठवतें. परंतु पाणिनीच्या व्याकरणांत ‘नदी’ म्हणजे गौरी, वधू यांसारखे नित्यस्त्रीलिंगी ईकारान्त व ऊकारान्त शब्द. शब्द तोच, पण शास्त्राच्या आवारांत त्याचा अर्थ निराळा. संगणकांतही अशा राखीव संज्ञा असतात, हें आम्हांस उतारवयांत कळलें.

आमच्या नातवानें घरच्या जुन्या संगणकावर इंग्रजी व्यंजनांच्या टिपणांसाठीं एक फोल्डर करून त्यास सी, ओ, एन या तीन अक्षरांचें नांव देऊं पाहिलें. संगणकानें तें साफ नाकारलें. चौकशीअंतीं उलगडा झाला. विंडोजमध्यें ‘कॉन’ हें कळफलक व पडदा यांचें नांव आहे. ‘नल’ म्हणजे टाकलेलें सारें गिळणारी पोकळी. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्यें फोल्डरच नव्हते, म्हणून हीं नांवें सर्वत्र लागू असत. पुढें फोल्डर आले, तरी तीं तशींच राहिलीं.

येथवर गंमत, पुढें मात्र धोका आहे. विंडोज ९५ व ९८ मध्यें फाईलच्या पत्त्यांत असें नांव लागोपाठ दोनदां आलें, कीं यंत्र बंद पडे. एखाद्या वेबपानांत तो पत्ता लपविला, तर तें पान नुसतें उघडणाऱ्याचेंही यंत्र कोलमडे. मायक्रोसॉफ्टनें मार्च २००० मध्यें यावर दुरुस्ती काढली.

१९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्सनें, आणि त्याच्या वळणावर गेलेल्या लिनक्सनें, उपकरणांस ‘डेव्ह’ या फोल्डरांत फाईलींचें रूप दिलें. वाचण्या-लिहिण्याची रीत एकच झाली, ही मोठी सोय. पण तेथें सबंध डिस्कचीही एक फाईल असते. ती ज्यास वाचतां येते, त्यास प्रत्येक कागदावरचें निराळें कुलूप अडवीत नाहीं. ज्यास तींत लिहितां येतें, तो सारा संग्रह क्षणांत पुसूं शकतो. म्हणून ती व्यवस्थापकाच्याच हातीं ठेवतात. परक्या पेन ड्राईव्हमधून अशी मोकळी फाईल आंत येऊं नये, यासाठीं ‘नोडेव्ह’ ही सूचना देतात. मग त्या ड्राईव्हवरील उपकरण-फाईलींस उपकरण मानलें जात नाहीं.

आतां घरचा जमाखर्च, दस्तऐवज व छायाचित्रें याच पेटींत असतात. म्हणून रोजचें काम व्यवस्थापकाच्या खात्यांतून करूं नये, परका पेन ड्राईव्ह सहसा लावूं नये आणि दुरुस्त्या वेळेवर घ्याव्या. दारीं आलेल्या अनोळखी माणसाचें केवळ नांव ऐकून आपण त्यास माजघरांत नेत नाहीं. कोण, कोठला, कशासाठीं आला, हें आधीं विचारतों. तीच रीत येथेंही पाळावी.