रुग्णाची नोंद आणि डॉक्टरांचा मोबदला

डॉक्टर रुग्णाविषयी जे लिहून ठेवतात, ते मुळात उपचारासाठी असते. मागील भेटीत कोणते औषध दिले, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले, रक्तदाब किती होता, या गोष्टी केवळ स्मरणावर सोपविता येत नाहीत. रुग्ण स्वतः पैसे देतो तोवर या कागदाला दुसरे काम नसते. परंतु उपचार घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असे झाले, की चित्र पालटते. पैसे देणारी संस्था तपासणीच्या खोलीत उपस्थित नसते. तेथे काय घडले हे तिला केवळ नोंदीवरून कळते. मग एकच कागद उपचाराची नोंदही ठरतो आणि पैशाच्या मागणीचा आधारही ठरतो. या दुहेरी कामगिरीचे परिणाम कोणते, ते आपण पाहू.

यातील सर्वांत साधी पद्धत माणशी मोबदल्याची. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ती रूढ केली. भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी दिल्ली व कानपूर येथे झाला आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. मुंबईत खाजगी डॉक्टरांची यादी, म्हणजे ‘पॅनेल’, तयार करण्यात आली. विमेदार कामगाराने त्यांतील एका डॉक्टरकडे नाव नोंदवावे आणि त्या नावामागे डॉक्टरला ठरावीक रक्कम मिळावी, अशी ही व्यवस्था. येथे मोबदल्यासाठी लागणारी माहिती फारच थोडी: नाव आणि विमा क्रमांक. कामगार वर्षातून एकदा आला काय किंवा दहादा आला काय, रक्कम तीच. त्यामुळे विनाकारण औषधोपचार वाढविण्याचा मोह डॉक्टरला राहत नाही. तथापि, रुग्णाकडे अधिक लक्ष देण्यानेही त्याची प्राप्ती वाढत नाही. शिवाय गिरणी सोडून गावी गेलेल्या कामगाराचे नाव यादीतून वेळेवर कमी झाले नाही, तर त्या नावाचे पैसे चालूच राहतात.

केवळ नावावर पैसे न देता कामाच्या गुणवत्तेवर द्यावेत, या विचाराने ब्रिटनने एप्रिल २००४ मध्ये निराळा प्रयोग केला. १४६ निकष व त्यांचे एकूण १,०५० गुण ठरविण्यात आले आणि दर गुणामागे दवाखान्यास रक्कम मिळू लागली. उदाहरणार्थ, उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जणांचा गेल्या नऊ महिन्यांतील रक्तदाब १५०/९० किंवा त्याहून कमी आहे, हा एक निकष होता. गुणांची मोजणी दवाखान्याच्या संगणकातील नोंदींवरूनच होई. पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी सरासरी ९० टक्क्यांहून अधिक गुण मिळविले. रुग्णांची नियमित तपासणी होऊ लागली, नोंदी नीटनेटक्या झाल्या, हा लाभ निश्चितच झाला. पण पुढील अभ्यासांत असेही आढळले, की १५० च्या किंचित खाली असलेल्या नोंदी किंचित वर असलेल्या नोंदींपेक्षा विलक्षण अधिक होत्या. मानवी शरीर अशी सीमारेषा पाळत नाही. जेथे आकड्याला मोल येते, तेथे लिहिणाऱ्याचा हात नकळतही त्या आकड्याकडे झुकतो.

तिसरी पद्धत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देण्याची. ती समजून घेण्यास बंगळूरमधील जयनगर हे सोयीचे ठिकाण आहे. १९४८ मध्ये आखलेल्या या वसाहतीत सरकारी सार्वजनिक रुग्णालय आहे आणि तिच्या नवव्या विभागालगत जयदेव ही हृद्रोगाची विख्यात सरकारी स्वायत्त संस्थाही आहे. कर्नाटकात २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत व राज्याची आरोग्य कर्नाटक या योजना एकत्र राबविल्या जातात. गरीब कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यांतून मिळतो. आता असे समजा, की एखाद्या मजुराच्या छातीत वारंवार दुखू लागले. तातडीचा प्रसंग नसेल, तर तो प्रथम सार्वजनिक रुग्णालयात जातो. तेथे शिधापत्रिका व आधार पाहून त्याची नोंद होते आणि आवश्यक तो उपचार तेथे नसल्यास पुढे पाठविण्याची चिठ्ठी मिळते. विशेष रुग्णालय तपासणीचे अहवाल जोडून पूर्वमंजुरी मागते. सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टचे डॉक्टर ते अहवाल वाचून निर्णय देतात. रक्तवाहिनीत स्टेंट बसविला, तर आधीची व नंतरची चित्रे आणि स्टेंटच्या वेष्टनावरील पट्टीसुद्धा कागदपत्रांत जोडावी लागते. ही साखळी पूर्ण झाली म्हणजेच रुग्णालयाला पैसे मिळतात.

या साखळीची एक कडी निसटली, तर झळ कोणाला लागते? शिधापत्रिकेवर नाव एका प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असेल, तर खरा रुग्णही दारात अडतो. उलट, माहिती ढिलाईने भरली गेली, तर अपात्र मागणीही पार होऊ शकते. आयुष्मान भारत योजनेवरील भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात असे दिसून आले, की सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावांपुढे एकच भ्रमणध्वनी क्रमांक होता आणि त्याचे दहाही आकडे नऊ होते. पात्रता या क्रमांकावरून ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला. तरीही रकाना भरणे हेच काम मानले गेले, की माहितीची काय अवस्था होते, हे त्यावरून कळते.

आणखी एक बाजू विचारात घेतली पाहिजे. रुग्ण आपले दुखणे डॉक्टरला विश्वासाने सांगतो. ते आता कारकून, परीक्षक व संगणक यांच्या हातून जाते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ते प्रकरण न्यायालयात नेणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्यासाठीच ती वापरावी, हे त्याचे एक प्रमुख सूत्र आहे.

मोबदल्यासाठी नोंदी लागणारच. त्यांवाचून सार्वजनिक पैशाचा हिशेब देता येणार नाही. म्हणून मोबदल्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती मागावी, ती कोण पाहतो हे ठरलेले असावे आणि आपल्या नावावर काय लिहिले गेले, हे रुग्णाला त्याच्या भाषेत कळावे. ज्याच्या शरीराची ती हकीकत आहे, तोच तिच्यातील चूक सर्वांआधी ओळखू शकतो.