वर्गमूळांची आवर्तने आणि चक्रवाल

भास्कराचार्यांच्या बीजगणितातील वर्गप्रकृति, कनिष्ठ, ज्येष्ठ, क्षेप ही परिभाषा भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. त्यातही ‘चक्रवाल’ हा शब्द विशेष अर्थवाहक होय. चक्रवाल म्हणजे वलय. जी गणितक्रिया फिरून मूळ जागी येते तिचे हे नाव. परंतु ती किती पावलांनी परत येईल, हे आधी सांगता येते काय?

पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे, त्यातील पूर्णांक बाजूस काढावा, उरलेल्या अपूर्णांकाचा व्यस्त करावा, त्यातूनही पूर्णांक काढावा व असेच पुढे चालावे. अशा रीतीने निघालेल्या पूर्णांकांनी वितत अपूर्णांक बनतो. ३१ च्या वर्गमूळास प्रथम ५ येतो. नंतर १, १, ३, ५, ३, १, १, १० हे आठ अंक पुनःपुन्हा येत राहतात. येथे आवर्तनाची लांबी आठ. शेवटचा १० हा आरंभीच्या ५ ची दुप्पट असून तो वगळता उरलेले सात अंक उलटसुलट सारखेच आहेत. ऱ्हस्वदीर्घाकडे कानाडोळा केल्यास ‘चिमा काय कामाची’ या सात अक्षरांची ठेवण नेमकी हीच आहे. मध्यावर एकटा ‘य’. असे आवर्तन नेहमीच असते हे लाग्रांज याने अठराव्या शतकात सिद्ध केले.

लांबी मात्र लहरी आहे. ६० ची ४, ६१ ची ११, ६२ ची पुन्हा ४, ६३ ची २ आणि ६५ ची केवळ १. ६१ चे आवर्तन १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४ असे आहे. लांबी विषम असल्याने मध्यावर एकटा अंक नाही, जुळे २ आहेत. या विषमतेचा अर्थ असा की, ६१ ने गुणलेल्या एखाद्या वर्गातून १ वजा केल्यास वर्गच मिळतो: ३,८०५ चा वर्ग घेतल्यास २९,७१८ चा वर्ग येतो. वजाऐवजी १ मिळवावयाचा असेल, तर लहानात लहान कनिष्ठ २२,६१,५३,९८० व ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. फर्माने १६५७ साली हीच ६१ ही संख्या फ्रेंच गणित्यांपुढे कोडे म्हणून ठेवली. आचार्यांनी ते उत्तर ११५० मध्येच दिले होते.

(सोलापुरात सात रस्त्यावर उभे राहिले असता विजापूर काही दूर वाटत नाही, आणि आचार्यांचे विज्जडविड म्हणजे विजापूरच, असा एक पक्ष आहे. पण आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसले आहे असे ते स्वतःच सांगतात, व त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे. तो पक्ष मला दुबळा वाटतो.)

चक्रवालाचे मर्म निवडीत आहे. प्रत्येक पावलास अशी संख्या घ्यावयाची की, भागाकार निःशेष जाऊन तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ यावा. मग तो कमी असो वा अधिक. येथे ८, ७, ९, ६, ९, ७, ८ अशा सात पावलांत −१ हा क्षेप मिळतो, चौदा पावलांत +१. साध्या वितत अपूर्णांकास बावीस लागतात. ‘भावना’ या संयोगक्रियेने वाट आणखी आखूड होते. ही रीत आचार्यांच्या पूर्वी जयदेवास ठाऊक होती. ती साध्या वितत अपूर्णांकाहून भिन्न अशा निकटतम वर्गाच्या वितत अपूर्णांकाशी जुळते, हे म्हैसूरचे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले. भाषाशास्त्रज्ञ व कवी ए. के. रामानुजन हे त्यांचेच पुत्र, हे आमच्या शाखेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

लांबी सम की विषम, एवढेही सहज कळत नाही. चाराने भागून १ उरणाऱ्या मूळसंख्येची लांबी नेहमी विषम. ३ उरल्यास, ३१ प्रमाणे, नेहमी सम. संयुक्त संख्येस हा नियम पुरत नाही. ३४ च्या अवयवांत ३ उरणारी मूळसंख्या नाही, तरी लांबी ४. ज्यांना वर्ग अवयव नाही व असा ३ उरणारा मूळ अवयवही नाही, अशा संख्यांपैकी सुमारे ५८ टक्क्यांची लांबी विषम असावी, असे अनुमान स्टीव्हनहागेन यांनी १९९३ साली मांडले. कोयमन्स व पगानो यांनी त्याची सिद्धता २०२२ मध्ये पुढे आणली. हे प्रमाण झाले. दिलेल्या एका संख्येची लांबी नेमकी किती, हे थेट सांगणारे सूत्र मात्र नाही. आवर्तन पुरे होईपर्यंत पावले मोजावीच लागतात.