वजनकाट्याला स्वभाव कळत नाही

"मनावर ताबा असला की वजन आपोआप कमी होतं." हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, जिममध्ये ऐकू येतं, आणि बहुधा कितीही खाल्लं तरी ज्याच्या अंगाला लागत नाही अशाच माणसाच्या तोंडून येतं. मतलब सरळ आहे: जाडा तो आळशी, बारीक तो शिस्तीचा.

यात तथ्य अजिबातच नाही, असं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या सुमारे दोन हजार माणसांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०११ साली निष्कर्ष आला: उतावळेपणात सर्वांत वरचे दहा टक्के लोक सर्वांत खालच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलोंनी जड. झालं! एवढंच उचलून लोक पळत सुटतात. अहो, ही दोन टोकांमधली सरासरी आहे. तिच्यावरून शेजारच्या काकूंचा स्वभाव ठरत नाही. शिवाय लहानपणीच ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेल्या स्वीडनमधल्या जुळ्यांचा अभ्यास संशोधक स्टंकार्ड यांनी १९९० साली प्रसिद्ध केला. घर वेगळं, स्वयंपाक वेगळा, तरी एकसारख्या जुळ्यांचे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) बरेचसे मिळतेजुळते. माणसामाणसांतल्या फरकात सुमारे दोन तृतीयांश वाटा आनुवंशिकतेचा निघाला.

आणि निग्रहाचं एवढं कौतुक असेल, तर अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ मध्ये उपासमारीच्या प्रयोगात काय झालं तेही वाचा. ३६ धडधाकट तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहून जवळपास चौथाई वजन घटवलं. त्यांचा स्वभावच पालटला. चिडचिड, उदासी, आणि दिवसभर डोक्यात फक्त जेवण. काही जण तर पाककृती जमवू लागले. म्हणजे स्वभावामुळे वजन बदलतं म्हणावं, तर इथे भुकेनेच स्वभाव बदलला.

"पौष्टिक खाण्याचा कुठे अतिरेक होतो का?" होतो. अमेरिकन डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ साली त्याला ऑर्थोरेक्सिया हे नाव दिलं. 'अशुद्ध' घास पोटात गेला म्हणून रात्रभर अपराधी वाटणं, बाहेर जेवावं लागेल म्हणून मित्र टाळणं, ही त्याची लक्षणं. वजन नेहमीसारखं असूनही हे सगळं असू शकतं. परिपूर्णतेचा हट्ट आणि चिंताळू स्वभाव यांच्याशी त्याचा संबंध अधिक दिसतो.

"मग निम्मं गाव ऑर्थोरेक्सिक!" नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत हा स्वतंत्र आजार म्हणून नाहीच, आणि ऑर्थोरेक्सियाचे मोठमोठे आकडे देणारी १५ प्रश्नांची प्रश्नावली नुसत्या जपून खाणाऱ्यालाही पकडते.

"एकादशी करणारेही त्यातलेच." साबुदाणा वडा पाहिलाय ना कधी?

"बारीक म्हणजे निरोगी." पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.