मटारएवढा दादा

कम्युनिटी टँकमध्ये पफर फिश ठेवायचा विचार करताय? थांबा. आधी माझ्या गप्पींची गोष्ट ऐका.

‘‘ले लो मॅडम, छोटीसी मछली है. सबके साथ रहेगी.’’

दुकानदाराने असं म्हणायचा अवकाश, मी पाघळलेच. समोरच्या काचेच्या पेटीत मटारच्या दाण्याएवढे तीन मासे हेलिकॉप्टरसारखे जागच्या जागी तरंगत होते. पिवळसर हिरवं अंग, त्यावर काळे ठिपके आणि डोळे... काय सांगू! एक डोळा माझ्याकडे, दुसरा दुकानदाराकडे. पफरचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, हा मला ओळखतोय! दीडशे रुपयांना एक, असे तिन्ही उचलले आणि पाण्याची पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवून सिडकोतल्या घरी आले.

घरी दोन फुटी टँक होता. चिकलठाण्याच्या ऑफिसातून दमून यायचं आणि टँकसमोर बसून चहा प्यायचा, हा माझा एकमेव स्ट्रेसबस्टर. टँकमध्ये आठ गप्पी, दहा निऑन टेट्रा आणि तळाशी चार कोरीडोरास. सगळे गुण्यागोविंदाने नांदणारे. वेगवेगळ्या जातींचे, पण एकमेकांच्या वाटेला न जाणारे मासे एकत्र ठेवले की त्याला म्हणतात कम्युनिटी टँक. एखाद्या चांगल्या सोसायटीसारखा. या सोसायटीत मी तीन नवे बिऱ्हाडकरू आणून सोडले आणि निवांत झोपले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर सगळ्यात देखण्या गप्पीची शेपटी गायब! आधी वाटलं, फंगस झालं असेल. मग खुर्ची ओढून बसले आणि पाहत राहिले. एक मटार हळूच गप्पीच्या मागे गेला, डोळा रोखला, टुक! पिसाऱ्यासारख्या शेपटीचा एक तुकडा गेला. मटार पुन्हा जागच्या जागी तरंगायला लागला. जणू काही झालंच नाही!

चोच असलेला मासा

मग मात्र मी अभ्यासाला लागले. (हे काम दुकानात जायच्या आधी करायचं असतं, हे मान्य.) पफरच्या कुळाचं शास्त्रीय नाव टेट्राओडोंटिडी, म्हणजे चार दातांचे. वर दोन, खाली दोन. हे दात एकत्र येऊन पोपटासारखी चोच तयार होते आणि ती नखासारखी आयुष्यभर वाढत राहते. गोगलगायींचे शंख आणि खेकड्यांची कवचं फोडायला दिलेलं हे हत्यार. त्याच्यासमोर गप्पीची रेशमी शेपटी म्हणजे पापडच!

कोकणातल्या मच्छीमाराला हे सांगायला नको. समुद्रातल्या पफरला तिकडे ‘केंड’ म्हणतात. केंडांचा थवा जाळ्यात शिरला की जाळंही फाडतो आणि आतल्या म्हाकुळासारख्या मालाचेही लचके तोडतो. खायला उपयोग नाही, वर नुकसान. म्हणून केंड दिसला की मालवणी तोंडातून पहिली शिवीच निघते.

खायला उपयोग का नाही? समुद्री पफरच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं जहर असतं. जपानमध्ये ‘फुगू’ रांधण्यासाठी आचाऱ्याला खास परवाना लागतो, तो यामुळेच. गोड्या पाण्यातल्या काही आशियाई पफरमध्येही सॅक्सिटॉक्सिन हे दुसरं जहर सापडलं आहे. टँकमध्ये हात घातल्याने काही होत नाही, पण नंतर साबणाने हात धुवा आणि मेलेला पफर मांजराच्या तोंडी लागू देऊ नका.

आणि हो, पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न: ‘‘फुगवून दाखव ना!’’ नाही दाखवणार. पफर फुगतो तो घाबरून, पाणी गिळून. पाण्याबाहेर काढला तर हवा गिळतो आणि ती बाहेर टाकता आली नाही तर जिवावर बेततं. मोबाइलवरच्या एका व्हिडिओसाठी कुणाला हार्ट अटॅकच्या दारात उभं करायचं का?

मूळ गाव: पंबा

आता खरा धक्का. मला वाटत होतं, हा मासा थायलंड-सिंगापूरहून आलेला ‘इम्पोर्टेड’ माल असणार. निघाला आपल्याच सह्याद्रीतला! पंबा, म्हणजे शबरीमलाच्या यात्रेकरूंना माहीत असलेली केरळची नदी. तिथल्या या माशाची १९४१ मध्ये सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी पहिल्यांदा शास्त्रीय नोंद केली. नाव ठेवलं त्रावणकोरवरून, ‘त्रावणकोरिकस’. आज त्याचं पूर्ण नाव कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस. नाव हातभर, मासा जेमतेम अडीच सेंटिमीटर. जगातल्या सगळ्यात लहान पफरमध्ये याची गणती होते. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्या सोडल्या तर जगात दुसरीकडे कुठेही तो निसर्गात सापडत नाही.

त्याचे बहुतेक भाईबंद मात्र पार आग्नेय आशियात, बोर्निओ-सुमात्राकडे. मधे हजारो किलोमीटर काहीच नाही! पश्चिम घाटातल्या आणि मलेशियाकडच्या माशांमध्ये असं साम्य पाहून याच होरांनी १९४०च्या दशकात एक तर्क मांडला होता. हे मासे पूर्वेकडून सातपुड्याच्या रांगेने सरकत सह्याद्रीत पोचले असावेत. ‘सातपुडा सिद्धांत’ म्हणून तो गाजला. नंतरच्या अनेक शास्त्रज्ञांनी तो मानला नाही, ही गोष्ट वेगळी. पण माझ्या टँकमधल्या त्या गुंडाच्या खानदानावरून एवढा वाद झाला, हे कळल्यावर त्याच्याबद्दलचा आदर जरा वाढलाच.

आणि लगेच लाजही वाटली. कारण आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ही जात ‘व्हल्नरेबल’ आहे. म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. कारणांमध्ये नद्यांची बिघडलेली तब्येत आहे आणि शोभेच्या माशांच्या बाजारासाठी होणारी पकडही आहे. दुकानात येणारे पुष्कळसे पफर थेट नदीतून उचललेले असतात. वाटेत उपाशी राहिलेले, पोटात जंत असलेले. म्हणजे माझ्या दीडशे रुपयांचा धागा थेट सह्याद्रीच्या एखाद्या ओढ्यापर्यंत जात होता.

उपाशी मटार

माझा तिसरा मटार सगळ्यात लहान, पोट आत गेलेला. मी रोज नेमाने फ्लेक्स टाकत होते. गप्पी तुटून पडायचे. मटार वास घेतल्यासारखा करून वळायचा. मला वाटलं, भूक नसेल. दहाव्या दिवशी सकाळी तो फिल्टरच्या जाळीला चिकटलेला दिसला.

पफर सहसा फ्लेक्स खात नाही, गोळ्या खात नाही. त्याला हलणारं किंवा निदान खरं मांस लागतं: गोठवलेले ब्लडवर्म, डॅफ्निया आणि सगळ्यात आवडती, छोटी गोगलगाय. भरलेल्या टँकमध्ये माझा मासा उपाशी मेला, आणि ‘भूक नसेल’ म्हणणारी मीच होते. गप्पीची शेपटी तोडणारा दादा एकीकडे आणि हा एकीकडे. दोघांचं दुखणं एकच होतं. दोघंही चुकीच्या घरात होते.

त्याच संध्याकाळी वाटणी केली. निऑन आणि कोरीडोरास ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या टँकमध्ये गेले. गप्पींसाठी गॅलरीत कुंड्यांच्या शेजारी एक मोठं घंगाळ मांडलं. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिका पाण्याच्या साठ्यांमध्ये गप्पी सोडते, तेव्हा त्यांची काळजी नव्हती. शेपट्या महिन्याभरात पुन्हा फुटल्या. दोन फुटी टँक दोन मटारांच्या नावावर झाला. एका प्लास्टिकच्या डब्यात काकडीच्या सालांवर गोगलगायी पोसायला घेतल्या. आई म्हणाली, ‘‘अगं, लोक घरातल्या गोगलगायी काढायला औषधं टाकतात!’’

पाण्याचा दिवस

आपल्या संभाजीनगरात मासे पाळणाऱ्याची खरी परीक्षा पाणी घेतं. नाथसागर भरलेला असो की नसो, नळाला पाणी रोज येत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. ‘पाण्याचा दिवस’ आला की पिंपं, बादल्या, कळशा सगळं भरून ठेवायचं. त्यात माझं एक पिंप जास्तीचं, मटारांसाठी.

पण गंमत म्हणजे ही सवय इथे कामी येते. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पफरला खवलेच नसतात. त्याची कातडी नाजूक. पाणी पिंपात उघडं ठेवून एअर पंप चालू ठेवला की दिवसाभरात क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन मिळतंच. टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं, म्हणजे जड. मी ते थोड्या आरओच्या पाण्यात मिसळून वापरते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टँकमधलं पाणी झपाट्याने उडतं, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून नुसती भर घालून भागत नाही. थोडं जुनं काढायचं, थोडं नवं घालायचं. डिसेंबर-जानेवारीत उलटं. रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि या माशाला २४ ते २८ अंश लागतात. हीटर हवाच.

दुसरी गोष्ट सायकलची. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पफर गोगलगायी फोडून टँकभर उष्टं सांडतो, त्यामुळे त्याला मुरलेलाच टँक हवा. शनिवारी टँक घेतला आणि रविवारी पफर सोडला, असं चालत नाही.

हिरवा फसवा

दुकानात अजून एक पफर दिसतो. पाठ चकचकीत हिरवी, काळे ठिपके, चेहरा असा की मोह व्हावा. हा ग्रीन स्पॉटेड पफर. लहानपणी गोड्या पाण्यात तग धरतो, म्हणून ‘फ्रेशवॉटर’ म्हणून विकला जातो. मोठेपणी त्याला खाडीसारखं मचूळ पाणी लागतं आणि तो वीतभर वाढतो. स्वभाव? मटार त्याच्यापुढे संत! शास्त्रज्ञांचा मात्र लाडका. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये याचा जिनोम सगळ्यात लहानांपैकी एक, माणसाच्या साधारण आठव्या हिस्स्याएवढा. २००४ मध्ये तो उलगडला गेला. प्रयोगशाळेत त्याचं कौतुक जरूर व्हावं. तुमच्या कम्युनिटी टँकमध्ये नको.

शेवाळात काहीतरी हललं

वाटणीनंतर काही महिन्यांनी एका रविवारी जावा मॉसच्या गुंत्यात मोहरीएवढं काहीतरी हललं. भिंग आणून पाहिलं. डोळे! एक इकडे, एक तिकडे. माझे दोन मटार नर-मादी निघाले होते. (नराच्या पोटावर गडद रेघ असते, हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं.) आईबाप खाऊन टाकतील या भीतीने ड्रॉपरने चार पिल्लं वेगळी काढली आणि ताज्या फोडलेल्या ब्राइन श्रिंपवर वाढवली. दोन जगली.

दोनच. पण ती दोन कुठल्याही ओढ्यातून उचललेली नव्हती, याचा आनंद प्रमोशनपेक्षा जास्त होता. आणि मनाशी ठरलं, पफर घ्यायचा तर घरी वाढलेलाच. दुकानदाराला विचारायचं, ‘कुठून आणला?’ उत्तर नाही मिळालं तर हात हलवत परत यायचं.

परवा ऑफिसातला एक नवा मुलगा टँकचे फोटो पाहून खूश झाला. ‘‘ताई, एक पिल्लू द्या ना. माझ्याकडे कम्युनिटी टँक आहे, सगळ्यांबरोबर राहील ना?’’

मी त्याला कँटीनमध्ये नेलं, चहा मागवला आणि म्हटलं, ‘‘बस. तुला माझ्या गप्पींची गोष्ट सांगते.’’

चौकट: पफर आणण्याआधी

• मटार पफर स्वतंत्र टँकमध्येच ठेवा. लांब शेपटीचे आणि सुस्त मासे त्याच्याबरोबर कधीच नकोत.
• एकटा असेल तर निदान २० लिटर पाणी. टोळी ठेवायची तर ६० लिटरच्या पुढे, आणि एका नरामागे दोन-तीन माद्या.
• झाडं दाट लावा. एकमेकांच्या नजरेआड होता आलं की भांडणं कमी होतात.
• खाणं: गोठवलेले ब्लडवर्म, डॅफ्निया, घरी पोसलेल्या छोट्या गोगलगायी. सलीम अली सरोवरातून किंवा हर्सूल तलावातून गोगलगायी आणू नका. सोबत रोग येतात.
• पोट आत गेलेला मासा विकत घेऊ नका. दुकानात तो खाताना दाखवा, असा आग्रह धरा.
• कंटाळा आला तरी मासे तलावात सोडू नका. दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.