उसातील बिबळ्या

म्हैसूर नगराच्या आग्नेयेस टी. नरसीपूर हा तालुका आहे. कावेरी व कपिला यांचा संगम येथेच होतो, आणि कालव्यांच्या पाण्यावर भात व ऊस पिकतो. ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२३ या अवधीत या तालुक्यात बिबळ्याच्या हल्ल्यांत चार माणसे मृत्यू पावली. त्यांत दोन महाविद्यालयीन विद्यार्थी होते, एक वयस्क स्त्री होती, एक अकरा वर्षांचा मुलगा होता. शासनाने म्हैसूरसाठी बिबळ्यांकरिता खास कृती दल नेमले; जागोजागी पिंजरे लागले. बिबळ्या येथून न्या, ही लोकांची मागणी होती.

ज्या घरातले मूल गेले त्या घराला शास्त्राचे विवेचन ऐकवणे हा निर्दयपणाच होय. तथापि पकडलेले जनावर सोडावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील जुन्नरने मोठी किंमत देऊन मिळविले आहे.

जुन्नरचा प्रदेशही उसाचाच. दाट उसात बिबळ्यास आडोसा मिळतो, मादी तेथेच विते. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पुढे बिबळे पकडून सरासरी चाळीस किलोमीटर दूरच्या रानांत सोडण्याचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा हल्ल्यांची वार्षिक सरासरी सतरावर गेल्याचे आढळले. शंभर हल्ल्यांत पूर्वी अठरा प्राणघातक ठरत. ते प्रमाण छत्तीस झाले.

याची कारणमीमांसा कठीण नाही. प्रत्येक प्रौढ बिबळ्याचा स्वतःचा प्रदेश असतो. तो उचलून नेला की रिकाम्या जागी दुसरा, बहुधा तरुण व अननुभवी, येऊन ठाकतो. नेलेला प्राणी अनोळखी मुलखात भांबावतो आणि जुन्या ठिकाणाच्या ओढीने गावागावांतून वाट काढू लागतो. अमेरिकेतील प्यूमा या पहाडी सिंहाविषयीही असाच अनुभव आहे : वॉशिंग्टन राज्यात जेथे प्यूमा अधिक मारले गेले, तेथे पुढील वर्षी पशुधनाविषयीच्या तक्रारी वाढल्या.

याउलट अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात स्वयंचलित कॅमेरे लावले असता दर शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबळे आढळले, तेही शेतांत व दाट वस्तीत! त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा वजनाने ३९ टक्के होता. ही संख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गावाबाहेरचा उकिरडा मोकाट कुत्री पोसतो आणि कुत्री बिबळ्यास बोलावतात. म्हैसूर शहराच्या कडेला चामुंडी टेकडीवरही बिबळे आहेत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी एक बिबळ्या हेब्बाळ येथील इन्फोसिसच्या विस्तीर्ण आवारात दिसला, तेव्हा कर्मचाऱ्यांस घरूनच काम करण्यास सांगण्यात आले.

वारंवार माणसे मारणारा प्राणी दूर केलाच पाहिजे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुख्य वन्यजीव रक्षकास तो अधिकार आहे. परंतु केवळ दिसलेला बिबळ्या हा अपराधी नव्हे. शेळ्यांचा गोठा वरूनही बंद असावा, अंधार पडल्यावर मुलांस एकटे बाहेर पाठवू नये, उसाच्या बांधाने जाताना हाती दिवा घेऊन मोठ्याने बोलत जावे. बिबळ्या दिसल्यास भोवती गर्दी करू नये; घेरलेला प्राणी उलटतो.

ऊसतोडीच्या दिवसांत कधी कधी सरीत बछडी सापडतात. मजूर ती दयेपोटी उचलतात, आणि आई रात्रभर रान धुंडाळते. जुन्नरच्या वनखात्याने व माणिकडोहच्या निवारा केंद्राने त्यावर साधा उपाय रूढ केला आहे. बछडी तपासून, संध्याकाळी जेथे सापडली तेथेच एका पेटीत ठेवतात आणि माणसे दूर जातात. काळोख झाला की मादी येते, पेटी हुंगते आणि एकेक पिलू मानेला धरून उचलून नेते.