जोहराच्या ढगांखाली

वर्षातले काही महिने मगरिबनंतर पश्चिमेला एक ठळक, न लुकलुकणारा तारा दिसतो. पुढे काही महिने तोच फजरच्या सुमारास पूर्वेला दिसू लागतो. मराठीत त्याला शुक्र म्हणतात, उर्दूत जोहरा. आपल्या कित्येक घरांत या नावाची एखादी दादी किंवा नात असते. रात्रीच्या आकाशात चंद्राखालोखाल तेज याचेच. तरीही वर्गात विषय निघाला की मुले चंद्रयान आणि मंगळयानाबद्दल भरभरून बोलतात आणि शुक्राचे नाव काढताच गप्प होतात. वास्तविक पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणारा ग्रह हाच. तो आपल्यापासून सुमारे ४ कोटी किलोमीटरपर्यंत येतो. माणसाने बनवलेले यंत्र दुसऱ्या ग्रहावर पहिल्यांदा पोहोचले तेही इथेच. या ग्रहाविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे मोडलेल्या, चिरडलेल्या आणि भाजून निघालेल्या यंत्रांनी सांगितलेले आहे. ती हकीकत आपल्या घरांतही वाचली जावी, म्हणून आम्ही ती इथे मांडत आहोत.

पृथ्वीचे जुळे भावंड

शुक्राचा व्यास १२,१०४ किलोमीटर आहे, पृथ्वीचा विषुववृत्तावर १२,७५६. दोघे जवळजवळ एकाच मापाचे. म्हणून शुक्राला पृथ्वीचे जुळे भावंड म्हणण्याची पद्धत पडली. अडचण एकच होती. शुक्रावर कायम दाट ढग असतात. दुर्बिणीतून पाहिले तर पिवळसर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नसे. मग पडद्याआड काय असेल यावर तर्क चालत. ढग आहेत म्हणजे पाणी असणार, पाणी आहे म्हणजे दलदल आणि जंगले असणार, असे कोणी म्हणे. सगळा ग्रह समुद्राने झाकलेला असावा, असे दुसरा म्हणे. तिसरा धुळीचे वाळवंट सांगे.

१९५० च्या दशकात रेडिओ दुर्बिणींनी वेगळेच काही टिपले. शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवरून तिथे सुमारे ३०० अंश सेल्सिअस उष्णता असावी असे दिसत होते. पण ही उष्णता जमिनीची की वातावरणाच्या वरच्या थराची, यावर एकमत होईना. निकाल लावायचा तर जवळ जाऊन पाहणे भाग होते.

सोव्हिएत संघाने फेब्रुवारी १९६१ मध्ये व्हेनेरा-१ हे यान पाठवले. वाटेतच त्याचा संपर्क तुटला. अमेरिकेचे मॅरिनर-१ जुलै १९६२ मध्ये उड्डाणानंतर काही मिनिटांतच भरकटले आणि ते नष्ट करावे लागले. पाच आठवड्यांनी तसेच दुसरे यान, मॅरिनर-२, निघाले. १४ डिसेंबर १९६२ रोजी ते शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेले. दुसऱ्या ग्रहाजवळून जाऊन तिथली माहिती धाडणारे ते पहिले यान. त्यावर कॅमेरा नव्हता, पण रेडिओ लहरी मोजण्याचे साधन होते. ग्रहाच्या कडेपेक्षा मध्यभागी लहरी तीव्र आढळल्या. याचा अर्थ उष्णता खालून, जमिनीकडून येत होती. जंगले आणि समुद्र यांच्या कल्पना तिथेच डळमळल्या.

साखरेचे कुलूप

मार्च १९६६ मध्ये व्हेनेरा-३ शुक्रावर जाऊन आदळले. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवर पोहोचलेली ती पहिली मानवनिर्मित वस्तू, पण तिचा संपर्क आधीच तुटला होता. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी व्हेनेरा-४ ची कुपी शुक्राच्या वातावरणात शिरली आणि पॅराशूटला लटकून खाली येता येता दीड तास माहिती पाठवत राहिली.

या कुपीत एक गमतीची गोष्ट होती. शुक्रावर समुद्र असण्याची शक्यता इंजिनिअरांनी तेव्हाही पूर्ण सोडली नव्हती. म्हणून कुपी पाण्यावर तरंगेल अशी बनवली होती आणि तिच्या अँटेनाचे कुलूप साखरेचे होते. पाण्यात पडली तर साखर विरघळावी आणि अँटेना मोकळी व्हावी, अशी ती योजना. ती साखर कधी विरघळलीच नाही. कुपीने कळवले की तिथली ९० टक्क्यांहून अधिक हवा कार्बन डायऑक्साइड आहे. मग तिचा आवाज बंद पडला.

कुपी जमिनीवर टेकली असावी, असा सुरुवातीला समज झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे मॅरिनर-५ शुक्राजवळून गेले. दोन्ही यानांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा कळले की व्हेनेरा-४ जमिनीपासून अजून सुमारे २५ किलोमीटर उंच असतानाच निकामी झाले होते. खालचा दाब तिला सोसवलाच नाही. १९६९ मध्ये व्हेनेरा-५ आणि ६ ही भावंडे लहान पॅराशूट घेऊन गेली. चिरडून जाण्याआधी जितके खाली जाता येईल तितके जायचे, हा त्यामागचा हिशेब. तीही सुमारे १८ किलोमीटर उंचीवरच थांबली.

प्रत्येक मोडलेल्या यानाने पुढच्यासाठी एक आकडा मागे ठेवला होता. आता त्या आकड्यांवरून नवी कुपी बनवायला घेतली.

तेवीस मिनिटे

व्हेनेरा-७ ची कुपी टायटॅनियमची होती आणि पृथ्वीवरच्या हवेच्या १८० पट दाब सोसेल अशी मजबूत होती. १५ डिसेंबर १९७० रोजी ती खाली उतरू लागली. वाटेत पॅराशूट फाटले. कुपी वेगाने जमिनीवर आपटली आणि संदेश थांबला. मोहीम संपली असेच सर्वांना वाटले. पुढे नोंदींच्या फिती बारकाईने तपासताना खरखरीत दडलेला एक अतिशय क्षीण संदेश सापडला. कुपी बहुधा कलंडली होती, अँटेना नीट पृथ्वीकडे नव्हती, तरी ती २३ मिनिटे बोलत होती. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला संदेश. त्यात फक्त तापमान होते: सुमारे ४७५ अंश. शिसे ३२७ अंशांना वितळते, यावरून वाचकांनी अंदाज करावा.

१९७२ मध्ये व्हेनेरा-८ ने ५० मिनिटे तग धरला आणि खाली फोटो काढण्याइतका उजेड असल्याचे कळवले. त्या भरवशावर पुढच्या यानांवर कॅमेरे बसवले गेले. २२ ऑक्टोबर १९७५ रोजी व्हेनेरा-९ ने दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून पहिला फोटो पाठवला. त्यात धारदार कडांचे दगड स्पष्ट दिसत होते. अशा भट्टीत यंत्र चालावे म्हणून उतरण्याआधी कुपी आतून गोठणबिंदूच्याही खाली थंड करून ठेवत. म्हणजे उष्णता आत पोहोचेपर्यंतचा वेळ तेवढाच हाताशी.

१ मार्च १९८२ रोजी उतरलेल्या व्हेनेरा-१३ कडून ३२ मिनिटांची अपेक्षा होती. ते १२७ मिनिटे टिकले. त्याने रंगीत फोटो पाठवले आणि जमिनीत छिद्र पाडून मातीची तपासणी केली. चार दिवसांनी व्हेनेरा-१४ उतरले. मातीचा कठीणपणा मोजणारा त्याचा दांडा नेमका कॅमेऱ्याच्या गळून पडलेल्या झाकणावर टेकला. लाखो मैल जाऊन त्याने स्वतःच्याच झाकणाचा कठीणपणा मोजला! वर्गात आम्ही हे सांगतो तेव्हा मुले पोट धरून हसतात. हसू ओसरले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "मग पुढच्या वेळी त्यांनी काय केले?" हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो.

भट्टी का झाली?

शुक्र पृथ्वीपेक्षा सूर्याला जवळ आहे, म्हणून तापला, असे वाटणे साहजिक आहे. पण बुध तर त्याहून जवळ आहे आणि तरीही शुक्रच जास्त तापतो. कारण त्याच्या हवेत आहे. ती सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. जमिनीवर तिचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे. आपल्या समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यावर जेवढा भार पडेल तेवढा. वरचे ढग पाण्याचे नव्हेत, सल्फ्युरिक अॅसिडचे आहेत. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीत काय होते ते आपण जाणतो. ऊन आत येते, उष्णता बाहेर पडत नाही. शुक्रावर काचेचे काम हा वायू करतो. तोही एवढा की दिवस असो वा रात्र, विषुववृत्त असो वा ध्रुव, जमिनीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही.

आपल्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के आहे. पृथ्वी शुक्रासारखी होणार, असे कोणी समजू नये. पण तोच वायू आणि तेच गणित इथेही लागू आहे. पृथ्वीच्या तापमानवाढीविषयी १९८८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष देणारे जेम्स हॅन्सन यांनी संशोधनाची सुरुवात शुक्राच्या ढगांपासूनच केली होती. शेजारच्या घराला आग कशी लागली हे समजून घेणारा माणूस स्वतःच्या चुलीकडे अधिक जपून पाहतो.

नकाशावरची नावे

ढगांतून पलीकडे पाहायला रडार लागते. १० ऑगस्ट १९९० रोजी शुक्राभोवती फिरू लागलेल्या अमेरिकेच्या मॅगेलन यानाने ग्रहाच्या ९८ टक्के जमिनीचा रडार-नकाशा तयार केला. हे यान बनवताना जुन्या मोहिमांचे उरलेले सुटे भाग वापरले होते. त्याची मोठी अँटेना व्हॉयेजर मोहिमेतली होती.

शुक्रावरच्या डोंगर-दऱ्यांना, अगदी मोजके अपवाद सोडता, स्त्रियांचीच नावे देतात. तिथल्या एका विवराचे नाव 'जोशी' आहे, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्यावरून. दुसरे 'मेधावी' हे पंडिता रमाबाईंवरून. तुर्की लेखिका हालिदे अदीब यांच्या आडनावाचे 'अदिवार' हे विवर आहे. १९३५ मध्ये त्या दिल्लीच्या जामिया मिल्लियात व्याख्याने द्यायला आल्या होत्या. ज्वालामुखीच्या मुखासारख्या एका खोलगट जागेला दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या रझिया सुलतानचे नाव आहे. घरात मुली शिकत असतील तर त्यांना हे जरूर सांगावे.

मॅगेलनचे काम १९९४ मध्ये संपले, त्याच्या नोंदी मात्र जपून ठेवल्या होत्या. १९९१ मध्ये आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या रडार-चित्रांची तुलना करताना एका ज्वालामुखीच्या मुखाचा आकार बदललेला दिसला. म्हणजे शुक्रावर ज्वालामुखी आजही जागे आहेत. हे संशोधन प्रसिद्ध झाले २०२३ मध्ये. पुरावा तीस वर्षे तिथेच होता, कोणीतरी चिकाटीने पाहण्याची खोटी होती.

पाच वर्षांची वाट

सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे जपानच्या अकात्सुकी यानाकडून शिकावे. डिसेंबर २०१० मध्ये ते शुक्रापाशी पोहोचले. कक्षेत शिरायला मुख्य इंजिन सुरू केले आणि ते मध्येच बंद पडले. इंधनाच्या वाटेतली एक झडप क्षार साचून अडली होती. यान शुक्राला ओलांडून सूर्याभोवती फिरू लागले. जपानी शास्त्रज्ञांनी पाच वर्षे त्याच्या मार्गाची गणिते मांडली. ७ डिसेंबर २०१५ रोजी, मुख्य इंजिन निकामी असताना, दिशा बदलण्यासाठी बसवलेली छोटी इंजिने सुमारे २० मिनिटे चालवून त्यांनी यान कक्षेत नेले. त्याच महिन्यात त्याने शुक्राच्या ढगांत जवळपास १० हजार किलोमीटर लांबीची धनुष्याकृती लाट टिपली. एप्रिल २०२४ मध्ये संपर्क तुटेपर्यंत ते तिथल्या हवामानाची खबर देत होते.

आता पाळी आपली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रोच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. खर्च १२३६ कोटी रुपये आणि उड्डाणासाठी मार्च २०२८ चा मुहूर्त ठरला आहे. पृथ्वीवरून शुक्राकडे निघण्याची सोयीची वेळ सुमारे १९ महिन्यांतून एकदाच येते, म्हणून तारखेला महत्त्व. हे यान ग्रहाभोवती फिरून त्याची जमीन, हवा आणि ढग यांचा अभ्यास करणार आहे.

अशी याने पाठवतील ती माहिती वर्षानुवर्षे वाचावी लागते. ती वाचणारे डोळे आज कुठल्या तरी शाळेत गणिताची वही उघडून बसलेले आहेत. त्यातले काही आपल्या घरांतले असावेत, एवढीच आमची इच्छा. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले म्हणून गणित-विज्ञान सोडून देऊ पाहणारे मूल घरात असेल, तर त्याला व्हेनेरा-४ पासून व्हेनेरा-७ पर्यंतची हकीकत वाचून दाखवावी. मधे फक्त तीन वर्षे गेली होती.