गरवलेला मासा परत पाण्यात

पीटरबरो, इंग्लंड

इंग्रज मासा गरवतो आणि परत पाण्यात सोडतो, असं कळवलं की महाडहून धाकट्या भावाचं उत्तर ठरलेलं: "दादा, खायचा नाही तर त्या मुक्या जिवाला गरी टोचायचीच कशाला? श्रीमंतांचे चोचले!" त्याचा प्रश्न रास्त आहे. चोचल्यांचं मात्र मला पटत नाही.

माझा शेजारी बसच्या गॅरेजात मेकॅनिक. कामावरून सुटला की तो तळ्यावर जाऊन बसतो. त्यासाठी सरकारी परवाना लागतो. तेरा वर्षांच्या पोरालाही तो काढावा लागतो. परवान्याशिवाय गळ टाकला तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. परवा त्याच्यासोबत गेलो. अंधारून आलं आणि गळाच्या दांडीखालचा भोंगा वाजला, मासा लागला होता. वीसेक मिनिटं झुंजून त्याने नऊ किलोचा कार्प जाळीत घेतला. उजनीचा सायप्रिनस म्हणतात तोच. आधी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. मग ओल्या गादीवर ठेवून गरी काढली, जखमेला औषध लावलं. खवल्यांच्या ठेवणीवरून त्याने मासा ओळखला. मागेही तो त्याच्याच गळाला लागला होता.

इथे माशांना नावं असतात. 1952 साली रिचर्ड वॉकरने रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा कार्प पकडला. 'क्लॅरिसा' नावाची ती मासोळी पुढे 1971 पर्यंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगली. आमच्या जवळच्या ब्लूबेल तळ्यातली 'बेन्सन' साठहून अधिक वेळा पकडली आणि सोडली गेली. 2009 साली ती मेली तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमी छापली. एवढं प्रेम, पण खायचं नाव नाही! कार्पला चिखलाचा वास येतो म्हणे. चिंच, कोकम, तिरफळ माहीत नसलेल्यांनी असं म्हणावं, याचा मला खरोखर राग येतो.

पण त्याहून जास्त राग आपला येतो. नद्यांमध्ये इथे 15 मार्च ते 15 जून कार्पसारख्या माशांना गळ लावायचा नाही. अंडी घालायचे दिवस सांभाळण्याचा हा कायदा मुळात 1878 चा. आपल्याकडे समुद्रात जून-जुलैची बंदी आहे, होड्या किनाऱ्याला लागतात. नदीत मात्र पहिल्या पावसात वलगणीचे मासे गाभोळी घेऊन वर चढतात, आणि नेमके तेव्हाच आपण पाग, कोयते घेऊन ओढ्यात उतरतो. लहानपणी मीही ते आनंदाने खाल्लेत. पण तेव्हा कोंडीत ब्लीचिंग पावडर कुणी ओतत नसे, जिलेटिनचा बार लावत नसे. आता एका बाराने बोटाएवढी पिल्लंही पोट वर करून तरंगतात.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. आमच्याच महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत आणि तिकडे वाड्याजवळ तिळसेश्वराला हातभर लांबीचे खडस माणसाच्या हातचे कुरमुरे खातात. देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. एका डोहाला दिलेलं हे अभय नदीच्या बाकीच्या पाण्याला का मिळू नये? मासे खाऊ नका, असं मी मासेखाऊ माणूस कसा सांगेन? पण गावोगावच्या ग्रामसभांनी यंदा मे महिन्यातच दोन ठराव करावेत: गाभोळीचा मासा मारायचा नाही, आणि नदीत पावडर ओतणाऱ्याला पोलिसांत द्यायचं.